डिजिटल पियानो घ्यायचाय: स्लॅब, कॅबिनेट की अरेंजर? बडोद्याच्या घरांच्या हिशोबाने

दुकानात गेलं की आधी टोन मोजून दाखवतात. इतके आवाज, इतके ताल, ब्लूटूथ आहे की नाही. ते शेवटी बघा. आधी तीन प्रश्न सोडवा: वाजवणारा पियानो शिकणार आहे की पेटीच्या अंगाने गाण्याला साथ करणार आहे? वाद्य एका जागी राहणार की न्यावं-आणावं लागणार? आणि घर कितव्या मजल्यावर आहे? बडोद्यात हा तिसरा प्रश्न पहिल्या दोघांपेक्षा लहान नाही.

पहिल्या प्रश्नावर निम्मा निकाल लागतो. खऱ्या पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. डिजिटल पियानोत प्रत्येक पट्टीला आतून वजनदार हातोडा जोडलेला असतो, त्यामुळे बोटाला भार लागतो आणि हलकं-जोरात वाजवण्यावर ताबा येतो. बहुतेक मॉडेलांत खर्जाकडच्या पट्ट्या जड आणि वरच्या सप्तकात हलक्या असतात. अरेंजर म्हणजे ताल आणि साथ आपोआप वाजवणारा कीबोर्ड; त्याच्या ६१ पट्ट्या मात्र नुसत्या स्प्रिंगवर परततात. मुलाला पियानोच्या परीक्षा द्यायच्या असतील तर स्प्रिंगच्या पट्टीवर दोन वर्षं घालवू नका, पुढे बोटं पुन्हा तयार करावी लागतात. या परीक्षा घेणाऱ्या लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचा इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा अभ्यासक्रम वेगळा आहे आणि पियानोचा वेगळा. फॉर्म भरण्याआधी कोणता, हे शिक्षकांशी बोलून ठरवा.

उलट बाजूही तितकीच खरी. सूरसागर तलावासमोरच्या परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीत गाणं शिकणारा, घरी नाट्यगीतं-भावगीतं गाणारा किंवा नवरात्रात गरब्याच्या स्टेजवर वाजवणारा माणूस हौसेने ८८ पट्ट्यांचं वाद्य घेतो आणि वैतागतो. पेटीची पट्टी हलकी, तिच्यावर बोट सरकवत जलद तान घेता येते. वजनदार पट्टीवर तीच तान अडखळते. मींड काढायला सूर वर-खाली वाकवणारं पिच बेंडचं चाक लागतं. ते यामाहा पी-१४५, रोलँड एफपी-१० किंवा कॅसिओ पीएक्स-एस११०० यांपैकी एकालाही नाही. यामाहाच्या पीएसआर-आय५०० सारख्या भारतीय अरेंजरला चाक आहे, शिवाय भारतीय वाद्यांचे आवाज आणि ठेके तयार मिळतात. गायकाने ऐनवेळी सा म्हणून काळी चार मागितली आणि तुम्हाला पांढरी एकच्याच बोटांनी वाजवायचं असेल तर ट्रान्सपोज (सगळ्या पट्ट्यांचे सूर एकदम वर-खाली सरकवणारी सोय) उणे ४ वर न्या, काम झालं. ट्रान्सपोज पियानोलाही असतो, पण स्वस्त मॉडेलांत त्यासाठी फंक्शनचं बटण दाबून धरून एखादी पट्टी दाबावी लागते, आणि कोणती पट्टी ते पॅनेलवर छापलेलं असेलच असं नाही. घरी ठीक, कार्यक्रमात डोकेदुखी.

पियानोच शिकायचाय हे ठरलं, की उरतं स्लॅब की कॅबिनेट. स्लॅब म्हणजे स्टँडशिवायचं नुसतं लांब, सपाट वाद्य, कॅबिनेट म्हणजे लाकडी अंगाचा, तीन पेडलांचा, भिंतीला लागून उभा राहणारा.

स्लॅबमध्ये सुरुवातीला तीन नावं समोर येतात. पी-१४५ चं वजन ११.१ किलो, एकावेळी ६४ सूर. पेडल दाबून लांब रचना वाजवली की जुने सूर कापले जाण्याची शक्यता यात इतर दोघांपेक्षा जास्त. पहिल्या तीन-चार वर्षांच्या अभ्यासात ते कानाला लागत नाही. एफपी-१० चं वजन १२.३ किलो, ९६ सूर आणि प्रत्येक पट्टीखाली तीन सेन्सर. दोन सेन्सरच्या पट्टीला तोच सूर पुन्हा वाजवायला बरंच वर यावं लागतं, तीन सेन्सरची अर्ध्यातूनच पुन्हा बोलते. एकच सूर भरभर वाजवायचा असेल तर हा फरक पहिल्या मिनिटात कळतो. एफपी-१० ची उणीव अशी की त्याला वेगळं लाइन आउट नाही; स्पीकरला जोडायचं तर हेडफोनच्याच भोकातून. पीएक्स-एस११०० सगळ्यांत सडपातळ, पुढून मागे फक्त २३.२ सेंमी, वजन ११.२ किलो, १९२ सूर, आणि ६ पेन्सिल सेलवरही चालतो.

पण सडपातळपणाची किंमत पट्टीतच मोजावी लागते. पट्टी ज्या बिंदूवर हलते तो टोकापासून जवळ आला, की काळ्या पट्ट्यांच्या मध्ये आत बोट घालून पांढरी पट्टी दाबायला जास्त जोर लागतो. दुकानात हे असं तपासा: काळी चार आणि काळी पाच (तीन काळ्यांच्या गटातली मधली आणि उजवीकडची) यांच्यामधली पांढरी पट्टी आधी टोकाला दाबा, मग पार आत, काळ्यांच्या मुळाशी, तितक्याच हलक्या हाताने. आतला सूर दबला किंवा उमटलाच नाही तर हीच अडचण समजा. लहान हाताच्या मुलाला हे पुढे फार जाणवतं, कारण काळ्या पट्ट्यांचे कॉर्ड धरताना अंगठा आतच जातो.

कॅबिनेट घेतल्याने पट्टी आपोआप सुधारत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. यामाहा वायडीपी-१४५ या कॅबिनेटची ॲक्शन, म्हणजे पट्टीमागची हातोड्यांची यंत्रणा, त्यांच्या स्वस्त स्लॅबच्याच पंक्तीतली आहे. वायडीपी-१६५ मध्ये ती बदलते, तीन सेन्सर येतात, आणि स्पीकर ८-८ वॅटवरून २०-२० वर जातात. लाकडी अंगासाठी जादा पैसे मोजायचेच असतील तर १६५ कडे जा. नाहीतर चांगल्या ॲक्शनचा स्लॅब, जोडीला त्याच मॉडेलला बसणारा स्टँड आणि तीन पेडलांचा जोड, असा संच जुळवा. रोलँडच्याच एफपी-३०एक्स या स्लॅबला (१४.८ किलो, २५६ सूर) तीन पेडल जोडता येतात, एफपी-१० ला येत नाहीत. घेताना हे विचारायचं राहून जातं आणि मग वर्षभराने पूर्ण वाद्यच बदलावं लागतं.

आता जिना आणि पाणी. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांचे आणि पोळांतल्या घरांचे जिने अरुंद आणि वळणाचे. स्लॅब सव्वा ते दीड मीटर लांब, तो उभा धरून एक माणूस वर नेतो. वायडीपी-१४५ चं वजन ३८ किलो. तो खोक्यात सुटा येतो, तेव्हा वर चढवता येतो. जोडल्यावर हलवणं हे दोघांचं काम. घर बदलताना आधी पेडलची वायर काढा, मग स्क्रू. वायर तशीच ठेवून वरचा भाग उचलला तर सॉकेटच मोडतं.

३१ जुलै २०१९ च्या पावसात आणि ऑगस्ट २०२४ मध्ये शहरातल्या सखल भागांत घरांत पाणी शिरलं. विश्वामित्री नदीच्या बाजूला तळमजल्यावर राहत असाल तर कॅबिनेट घेऊच नका, असं आमचं स्पष्ट मत. पेडलांचा खोका जमिनीलगत असतो, दोन वीत पाणीही त्याला पुरतं, आणि दाबलेल्या भुशाच्या फळ्या एकदा फुगल्या की स्क्रू धरत नाहीत. स्लॅबची वायर काढून तो माळ्यावर टाकायला दोन मिनिटं लागतात.

दुकानात आणखी दोन प्रकार दिसतील: स्टेज पियानोत बहुधा स्पीकर नसतात आणि हायब्रिडमध्ये खऱ्या पियानोची यंत्रणा असते, वजन १०० किलोच्या आसपास किंवा वर. पहिलं वाद्य घेणाऱ्याने दोन्ही सोडून द्यावेत.

स्टँड निवडताना एक्स आकाराचा टाळा. ८८ पट्ट्यांच्या भाराने तो डुलतो आणि गुडघे अडतात. झेड किंवा चौकोनी स्टँड घ्या. पट्ट्यांचा माथा जमिनीपासून ७० ते ७५ सेंमीवर यावा. सोबत मिळणारं चौकोनी पेडल नुसतं चालू-बंद करतं आणि फरशीवर पुढे सरकत जातं. शक्य असेल तर अर्धं दाबलेलं ओळखणारं पेडल त्याच कंपनीचं घ्या. दुसऱ्या कंपनीचं पेडल उलटं चालू शकतं, म्हणजे पाय ठेवला की सूर तुटतो आणि काढला की लांबतो. हेडफोन लावूनही पट्ट्यांची धपधप खालच्या मजल्यावर जाते, म्हणून स्टँडच्या पायांखाली जाड रबर घाला.

जुनं वाद्य घेताना सगळ्या ८८ पट्ट्या एकेक करून, एकाच हलक्या जोराने वाजवा. एखादी अचानक ओरडली किंवा मुकी राहिली तर पट्टीखालच्या रबरी कॉन्टॅक्टमध्ये धूळ किंवा ओल गेली आहे. साफ करून हे बरं होतं, पण त्यासाठी पूर्ण पट्ट्या उतरवाव्या लागतात, तेवढी मजुरी किमतीतून वजा करून मागा. मग आवाज शून्यावर नेऊन वाजवा: खटखट काही पट्ट्यांपुरतीच येत असेल तर तिथला नमदा (पट्टीखालची लोकरीची जाड गादी) झिजला आहे. शेवटी अडॅप्टर उलटा करून वाचा. व्होल्ट, अँपिअर आणि मधलं टोक अधिक की उणे, हे तिन्ही वाद्याच्या मागे किंवा तळाशी छापलेल्या माहितीशी जुळलं पाहिजे. व्होल्ट आणि टोक तंतोतंत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. विकणाऱ्याकडे मूळ अडॅप्टर नसेल तर वाद्य चालू करून दाखवायला त्याने काय जोडलंय, तेही बघा.