नेटवर्क केबलवरचे दिवे आणि त्यांचे ड्रायव्हर : सांगलीतल्या अभ्यासिकेत काही महिने वापरल्यानंतर

पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज) दिव्यासाठी ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला ठरलेला प्रवाह देणारा डबा, घ्यायला गेलं की दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही वॅटवरच बोलतात. माझ्या मते विचारायला हवं ते दुसरंच. केबलच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज कितीपर्यंत उतरलं तरी हा ड्रायव्हर स्थिर चालेल? आणि दिवा अगदी मंद केला, तर समोरचा नेटवर्क स्विच, म्हणजे केबलमधून वीज सोडणारा डबा, त्याची वीज चालू ठेवेल का? आमच्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारी या दोन प्रश्नांपाशीच येऊन थांबल्या.

आमची अभ्यासिका गावभागात आहे. एमपीएससी आणि पोलीस भरतीची मुलं पहाटे पाचला येतात, काही जण रात्री उशिरापर्यंत बसतात. टेबलावर वाचायला ३०० ते ५०० लक्स उजेड लागतो आणि लाइट गेली तरी तो जाऊन चालत नाही. छतातल्या प्रत्येक पॅनेलला वेगळी बॅटरी देण्यापेक्षा एका स्विचला एक यूपीएस दिला की १६ पॅनेल चालू राहतात, म्हणून पीओई घेतलं. स्विच आणि यूपीएसचा रॅक मुद्दाम दुसऱ्या मजल्यावर ठेवला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. गावभागात तळमजल्यावर रॅक ठेवायची हिंमत आता कोणी करणार नाही. पण त्यामुळे मागच्या इमारतीतल्या खोलीपर्यंत केबल ८० मीटरच्या आसपास गेली.

थोडे आकडे सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पीओईच्या २००३ च्या ८०२.३ एएफ मानकात स्विच एका पोर्टला १५.४ वॅट देतो आणि दिव्यापाशी १२.९५ वॅटची खात्री असते. २००९ च्या एटी मानकात हेच आकडे ३० आणि २५.५ आहेत. २०१८ च्या बीटीत स्विचकडून ९० वॅटपर्यंत मिळतात आणि १०० मीटरवर ७१.३ धरायचे. मधला फरक केबल खाते. आमचे पॅनेल २० वॅटचे, म्हणून एटी पुरेसं होतं.

पॅनेलसोबत आलेल्या ड्रायव्हरला आमचे वायरमन चोकच म्हणतात. तो बक प्रकारचा होता, म्हणजे आत आलेलं व्होल्टेज उतरवून एलईडीला ठरलेला प्रवाह देणारा. पॅनेलमध्ये १६ एलईडी एका माळेत. प्रत्येकी साधारण ३ व्होल्ट धरले तर माळ ४८ व्होल्टची झाली. स्विच ५४ व्होल्ट देतो, तेव्हा कागदावर सगळं बसतं.

थंडी सुरू झाल्यावर मागच्या खोलीतून तक्रार आली. "काका, पहाटे लाइट फडफडायला लागलाय बघा, तासाभरानं आपोआप थांबतोय." नेमकं तेच होत होतं आणि फक्त मागच्या खोलीत. पुढच्या हॉलमधला पॅनेल ड्रायव्हरसकट तिथे लावला, तोही फडफडला. मागचा पॅनेल रॅकशेजारी छोट्या केबलवर लावला, तो शांत. दोष केबलकडे गेला. ही केबल त्या जागेत आधी असलेल्या कॉम्प्युटर क्लासची, छतात तयारच होती. ब्लेडने तार खरवडली तर तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरं अॅल्युमिनियम. अशा तारेचा रोध तांब्याच्या दीडपटीहून थोडा जास्त असतो.

हिशेब केला. २० वॅटला साधारण ०.४ अँपिअर. ८० मीटर जुन्या केबलचा जाऊन-येऊन रोध १० ओहमच्या घरात, म्हणजे ४ व्होल्ट तिथे गेले. ड्रायव्हरच्या तोंडाशी असलेल्या डायोड ब्रिजमध्ये आणखी दीडेक व्होल्ट. उरले ४८ च्या जरासे वर. बक ड्रायव्हरला माळेपेक्षा एक-दोन व्होल्ट जास्त हवे असतात, ते इथे नाहीत. आणि एलईडी गार असताना तिला व्होल्टेज किंचित जास्त लागतं, म्हणून पहाटे फडफड आणि पॅनेल तापल्यावर शांतता. लाइनच्या शेवटच्या डीपीवर ज्यांची मोटार आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

यावरून एक खूण पक्की लक्षात ठेवली आहे. पूर्ण उजेडात फडफडणारा दिवा थोडा मंद केल्यावर शांत झाला, तर व्होल्टेज कमी पडतंय. मंद केल्यावर प्रवाह कमी होतो, केबलमधली घट कमी होते, आणि ड्रायव्हरला श्वास घ्यायला जागा मिळते. आम्ही निखळ तांब्याची कॅट सिक्स टाकली आणि फडफड त्याच दिवशी थांबली. तरीही ४८ व्होल्टची माळ आणि बक ड्रायव्हर ही जोडी पीओईवर मी पुन्हा घेणार नाही. एटी मानकात दिव्यापाशी ४२.५ व्होल्टपर्यंत घट मान्य आहे. तेव्हा माळ ३६ व्होल्टची असावी, किंवा ड्रायव्हर व्होल्टेज चढवणारा असावा.

दुसरी तक्रार याच्या अगदी उलटी होती. रात्री टेबलं रिकामी झाली की सेन्सर दिवे मंद करतो. एकदम खालच्या पातळीवर आणले की काही दिवे विझायचे, थोड्या वेळाने पुन्हा लागायचे, मंद व्हायचे, परत विझायचे. ड्रायव्हर जळाला असं समजून तो बदलायची तयारी झाली होती, पण ड्रायव्हर ठणठणीत होता. पीओई स्विच सतत बघत असतो की पलीकडे उपकरण आहे की नाही. त्यासाठी एएफ-एटी मानकात उपकरणाने किमान १० मिलिअँपिअर ओढत राहावं लागतं. तो प्रवाह साधारण ०.३ ते ०.४ सेकंद जरी तुटला तरी स्विच समजतो की केबल काढली, आणि वीज बंद करतो. ५४ व्होल्टला १० मिलिअँपिअर म्हणजे अर्धा वॅट. २० वॅटचा दिवा दोन टक्क्यांवर आणला की आपण त्या सीमेखाली उतरतो. आमचा ड्रायव्हर केबलमधून फक्त वीज घेणारा होता, मंद करायची सूचना वेगळ्या ०-१० व्होल्टच्या तारेने यायची, त्यामुळे त्याचा स्वतःचा खप नगण्य. तात्पुरता उपाय म्हणून सेन्सरची खालची पातळी ८ टक्क्यांवर ठेवली आणि विझणं थांबलं.

कायमचा उपाय म्हणून मागच्या खोलीत दुसऱ्या प्रकारचे ड्रायव्हर बसवले. यात नेटवर्कचा कंट्रोलर आतच आहे, सूचना त्याच केबलमधून येते, आणि दिवा एक टक्क्यावर असला तरी कंट्रोलरचा खप आणि ड्रायव्हरने स्वतःहून काढलेले प्रवाहाचे ठोके स्विचला पुरतात. बीटीत हा नियम बराच सैल केला आहे, छोटे ठोकेही चालतात, पण स्विच आणि ड्रायव्हर दोन्ही बीटीचे असले तरच. खरेदीच्या वेळी विक्रेत्याला सरळ विचारा: एक टक्क्यावर तासभर चालवून दाखवाल का? पुढची सगळी माहिती त्या एका तासात मिळते.

या ड्रायव्हरचा आणखी एक फायदा झाला. आमच्या २४ पोर्टच्या स्विचचं एकूण बजेट, म्हणजे वीज देण्याची मर्यादा, ३७० वॅट. १६ पॅनेल प्रत्यक्षात सगळे मिळून त्यात आरामात बसतात. पण पहिले ड्रायव्हर स्वतःला वर्ग ४ (पीओईतला ३० वॅटचा वर्ग) म्हणवून घेत, स्विच प्रत्येकासाठी ३० वॅट राखून ठेवी आणि १२ दिव्यांनंतर बजेट संपे. स्विचचं सेटिंग प्रत्यक्ष खपावर आणल्यावर सगळे लागले. नवे ड्रायव्हर एलएलडीपीने, म्हणजे नेटवर्कवरून स्विचला पाठवलेल्या संदेशाने, नेमकी गरज सांगतात.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४० च्या आसपास असतो आणि पीओपीच्या वरची हवा त्याहून गरम. ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मं होतं, म्हणून ड्रायव्हर पॅनेलच्या पाठीला न चिकटवता बाजूला टांगले. मोबाइल कॅमेऱ्यात पट्टे दिसणं हा मंद दिव्याचा त्रास पहिल्या ड्रायव्हरमध्ये होता. तो कमी वारंवारतेने दिवा चालू-बंद करून मंद करायचा. दिवसभर वाचणाऱ्या मुलांच्या डोक्यावर असा दिवा नको, यावर मी ठाम आहे.

दुरुस्तीला येणाऱ्या वायरमनला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. रिकाम्या केबलच्या टोकाला मल्टीमीटर लावून ५४ व्होल्ट शोधायचे नाहीत, ते दिसणार नाहीत. पलीकडे २५ किलोओहमचा रोध ओळखल्याशिवाय स्विच पूर्ण वीज सोडतच नाही. "केबल मेलीय" असा निकाल याच कारणाने लागतो. मोजायचं तर दिवा चालू असताना, ड्रायव्हरमध्ये केबलची वीज जिथे आत येते त्या टर्मिनलवर, आणि पूर्ण उजेडात. सीसीटीव्हीवाल्यांकडचा २४ व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टरही (केबलमध्ये थेट वीज सोडणारा डबा) चाचणीला वापरू नये, त्यात ही ओळखपाळख नसते.

विजेचं बिल यामुळे उतरेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. स्विचच्या सप्लायमध्ये, केबलमध्ये आणि ड्रायव्हरमध्ये अशा तीन ठिकाणी वीज खर्च होते. बचत होते ती रिकाम्या टेबलांवरचे दिवे आपोआप मंद होण्यातून. खर्च मुख्यतः स्विचचा आहे, आणि लाइट जाते तेव्हा तो वसूल होतो. मुलांना लाइट गेल्याचं पंखे थांबल्यावर कळतं.

जिन्यात मात्र मी साधा २३० व्होल्टचा दिवा आणि एक बॅटरीवाला दिवा ठेवला आहे. स्विचचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की तो पुन्हा सुरू होतो आणि त्या वेळात सगळे दिवे जातात. पोर्टची वीज तशीच चालू ठेवणारे स्विच मिळतात, आमचा तसा नाही. म्हणून अपडेट अभ्यासिका बंद असतानाच. आणि चालू दिव्याची केबल ओढून काढायची नाही, ठिणगीने आरजे-४५ प्लगचे (नेटवर्क केबलच्या टोकाचे) संपर्क खराब होतात. आधी स्विचमधून पोर्ट बंद करायचा, मग केबल काढायची.