जुन्या शिडाच्या बोटीची तपासणी : निम्मे-निम्मे, विकणाऱ्याच्या खिशातून की आपल्या?

उजनी धरणासाठी जुनी शिडाची बोट बघताय, बोट मुंबईत नाहीतर गोव्यात उभी आहे आणि मालक म्हणतोय की सर्व्हेयरचा, म्हणजे बोट तपासून रिपोर्ट देणाऱ्या जाणकाराचा, खर्च आपण निम्मा-निम्मा करू. ऐकायला एकदम रास्त वाटतं. आम्ही मित्रांनी मिळून बोट घेतली तेव्हा तिन्ही प्रकार झाले, एकीला निम्मे-निम्मे, एकीच्या मालकाने रिपोर्ट आधीच करून ठेवलेला, आणि शेवटी जी घेतली तिच्या तपासणीचे सगळे पैसे आमचे. त्या जोरावर लिहितोय, तुमचं गणित थोडं वेगळं असू शकतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, खर्च म्हणजे नुसती फी नाही. बोट पाण्याबाहेर काढायची क्रेन, तळाला चिकटलेली कालवं खरवडायची मजुरी, डोलकाठी उतरवायची तर त्याची माणसं, सर्व्हेयरचं येणं-जाणं हे सगळं त्यात आलं, आणि आमच्या बाबतीत तरी फीपेक्षा क्रेन आणि मजुरीच जड गेली. म्हणून कुणी निम्मे म्हणालं की कशाचे निम्मे ते पहिल्या फोनलाच विचारून घ्या.

विकणाऱ्याच्या तयार रिपोर्टचा आपल्या सोलापूरकरांना एक खरा फायदा आहे, तो म्हणजे वाया जाणारी फेरी वाचते. रात्रीची सिद्धेश्वर धरून मुंबई गाठायची आणि धक्क्यावर पोचल्यावर कळायचं की तळ गेलाय, त्यापेक्षा घरी बसून पीडीएफ वाचलेली बरी. वाचताना तारीख बघा, तपासणीच्या वेळी बोट पाण्याबाहेर होती का ते बघा, आणि डोलकाठी उतरवली होती का ते बघा. आम्हाला आलेल्या रिपोर्टात रिगिंग, म्हणजे डोलकाठी आणि तिला ताणून धरणाऱ्या वायरा, ‘डेकवरून पाहता समाधानकारक’ असं लिहिलेलं. आता डेकवर उभं राहून काठीच्या टोकाला जोडलेल्या वायरच्या फिटिंगला केसाएवढी भेग आहे का नाही ते कसं दिसणार? आणि तो सर्व्हेयर मालकाने नेमलेला, त्याची बांधिलकी मालकाशी, उद्या काही निघालं तर आपण त्याला जाब विचारू शकत नाही. तेव्हा चाळणी म्हणून हा रिपोर्ट चांगला, पण त्याच्यावर पैसे मोजावेत असं मला तरी वाटत नाही.

निम्मे-निम्मेची बाजूही प्रामाणिकपणे सांगतो. मालक पैसे घालायला तयार आहे म्हणजे तो टाइमपास करत नाहीये हे कळतं, आणि व्यवहार फिसकटला तर आपला फटका अर्धाच बसतो. बोट ओळखीच्या माणसाची असेल तर वाटून घ्यायला काहीच हरकत नाही. आणि लेझरसारखी छोटी डिंगी असेल तर हा प्रश्नच येत नाही, जेमतेम 59 किलोचा हल (बोटीचं मुख्य अंग), दोघांनी उलटा करून उन्हात नीट बघितला की झालं.

पण आमचं मन उडालं ते एका चेनप्लेटवरून, म्हणजे काठीच्या वायरा बोटीला धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या पट्टीवरून. मुंबईची 24 फुटी बोट होती, फी आणि क्रेन दोन्ही निम्मे-निम्मे ठरलेले. सर्व्हेयर माणूस चांगला होता, प्लास्टिकची छोटी हातोडी घेऊन डेक ठोकत ठोकत चाललेला, सगळीकडे टणटण वाजतंय, आणि काठीच्या बाजूच्या वायरा जिथे डेकला धरलेल्या असतात तिथे आल्यावर आवाज एकदम थप्प. म्हणजे आतलं लाकूड भिजलेलं. तो म्हणाला ही पट्टी काढून बघायला पाहिजे, कारण स्टेनलेस स्टील हवेत टिकतं पण ओल्या लाकडात हवा न लागता दाबून राहिलं की तिथेच कुरतडलं जातं आणि वरून मात्र चकचकीत दिसतं. त्याने पाना हातात घेतला आणि मालक म्हणाले, “उघडायची काय गरज आहे? निम्मे पैसे मीही देतोय ना, मला नाही गरज वाटत.” सर्व्हेयरने एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि पाना परत पिशवीत ठेवला. रिपोर्टात काय आलं? ‘पुढील तपासणीची शिफारस.’ क्रेनचे पैसे गेले आणि जे कळायला पाहिजे होतं तेच कळलं नाही. आम्ही ती बोट सोडली.

बोट मालकाची आहे, त्यामुळे सगळा खर्च तुम्ही केला तरी तो नाही म्हणू शकतो, हे मान्य. पण तेव्हा सर्व्हेयर सरळ लिहितो की मालकाने उघडू दिलं नाही, आणि त्यातच तुमचं उत्तर असतं. दोघांचे पैसे असले की त्याला दोन गिऱ्हाईकं सांभाळायची असतात, मग भाषा गुळमुळीत होते. वर तोच रिपोर्ट मालकाकडेही राहतो, पुढच्या गिऱ्हाईकाला दाखवायला. गड्ड्याच्या बाजारात बैल घेताना दात बघायला आपण आपला जाणकार नेतो, त्याच्या चहापाण्यात विकणाऱ्याला भागीदार करतो का?

आणि उजनीवर हे सगळं जास्तच लागू पडतं. वळवाच्या दिवसांत वारा कसा अचानक उठतो ते तिकडच्या कुणालाही विचारा, 2024 च्या मे महिन्यात कुगाव-कळाशीच्या मधे वादळात बोट उलटून सहा जण गेले. ती शिडाची नव्हती, पण वारा तोच आहे, आणि तशा झोतात चेनप्लेट सुटली तर अख्खी काठी खाली येते.

जी बोट घेतली तिला सर्व्हेयर आमचा, पैसे आमचे, त्याचे फोनही फक्त आम्हालाच. त्याने दोन्ही बाजूच्या चेनप्लेट उघडल्या. उन्हाळ्यात उजनीचं पाणी खाली जातं म्हणून आम्हाला वर ओढता येणारा कील (बोटीखालचं उभं पातं) हवा होता, तर त्याची पिनसुद्धा बाहेर काढून झिजलेली दाखवली. तळाला बारीक फोड होते, त्यातला एक टोचला तर आंबट, व्हिनेगरसारखा वास आला. म्हणजे फायबरच्या आत पाणी मुरलंय, आणि हा प्रकार गोड्या पाण्यात जास्त जोर धरतो, म्हणजे आपल्याकडे आणल्यावर वाढणारच होता. मालकांनाही ते पटलं आणि किमतीत जे कमी झालं त्यात तपासणीचा खर्च निघून वर थोडं उरलं. दर वेळी असं होईल असं नाही म्हणत, पण मागायला हातात कागद होता.

ह्यात तोटा एवढाच की सौदा मोडला तर सगळे पैसे आपले गेले. त्यावर आम्ही काढलेला मार्ग असा की आधी व्हिडिओ कॉलवर बोट आतून-बाहेरून बघून घ्यायची, पटली तरच सर्व्हेयर बोलवायचा, आणि इसारपावतीत तीन वाक्यं लिहून घ्यायची : सौदा तपासणी पसंत पडली तरच, सर्व्हेयर म्हणेल ते उघडू द्यायचं, परत बसवून द्यायची जबाबदारी आमची, आणि मालकाने न सांगितलेला मोठा दोष निघून सौदा मोडला तर क्रेनचा निम्मा खर्च मालकाने द्यायचा आणि इसार पूर्ण परत. निम्मे-निम्मे करायचंच असेल तर ते असं, निकाल लागल्यावर. आमच्या मालकांनी तिन्ही वाक्यं वाचून लगेच सही केली, आधीच्या बोटीच्या मालकांनी केली असती का, शंकाच आहे.