"मेडिक्लेममध्ये बसतं, वहिनी"

गेल्या पावसाळ्यात सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. वय ७८. पुण्यातच ऑपरेशन झालं, तेही कॅशलेस, एक रुपयाची कटकट न होता. त्यामुळेच बहुधा आम्ही गाफील राहिलो.

डिस्चार्जच्या दिवशी मी बिलिंगच्या खिडकीपाशी औषधांची पिशवी सांभाळत उभी होते. एक तरुण शेजारी येऊन उभा राहिला. गळ्यात आयकार्ड, हातात फाइल. मला वाटलं हॉस्पिटलचाच माणूस, निघाला नर्स पुरवणाऱ्या एजन्सीचा. "आजींना घरी कोण बघणार, वहिनी?" त्याने नेमकं तेच विचारलं ज्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. आम्ही दोघं नोकरीवर, मुलगी दहावीत.

ट्रेन्ड नर्स, बारा तासांची ड्यूटी, दिवसाला १,८०० रुपये. महिन्याचे ५४,००० आगाऊ, वर १५,००० डिपॉझिट. माझा चेहरा उतरलेला त्याला दिसला असावा. "मेडिक्लेममध्ये बसतं, वहिनी. डिस्चार्जनंतरचे साठ दिवस कव्हर असतात, पॉलिसी बघा की. आणि आजी सत्तरीच्या वर आहेत ना? मग आयुष्मान कार्डातूनही होतं." नवऱ्याने मोबाइलवर पॉलिसी उघडली. साठ दिवस खरंच लिहिले होते. तेवढी एक ओळ वाचून आम्ही पैसे पाठवले. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर एजन्सीऐवजी कुणा बाईंचं नाव आलं. "अकाउंट्सच्या मॅडम आहेत," म्हणाला. तेही पटलं आम्हाला!

दुसऱ्या दिवशी वीस-एकवीस वर्षांची मुलगी आली. स्वभावाने गोड, सासूबाईंची वेणीसुद्धा घालून द्यायची. एजन्सीने एक लांबट रजिस्टर दिलं होतं: वेळ, बीपी, नाडी, ताप, सही. रोज संध्याकाळी ते बघून मला बरं वाटायचं.

चौथ्या आठवड्यात एका गुरुवारी मी लवकर घरी आले. रजिस्टर टेबलावर उघडंच होतं. १२०/८०, नाडी ७२. सकाळी तेच, दुपारी तेच, संध्याकाळी तेच. आणि नोंदी शनिवार रात्रीपर्यंत भरलेल्या. शुक्रवार अजून उजाडायचा होता! विचारलं तर पोरगी रडायलाच लागली. तिचं ट्रेनिंग आठ दिवसांचं. बीपीचं मशीन तिला लावता येत नव्हतं, "सरांनी असंच भरायला सांगितलंय." १,८०० पैकी तिच्या हातात ४५० पडायचे. दर दोन तासांनी कूस बदलायची असते हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंच्या माकडहाडापाशी लाल चट्टा उठला होता, तो मी त्याच रात्री पाहिला. नर्सकडे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो. पहिल्या दिवशी तो मागायला दोन मिनिटं लागली असती.

तरीही आम्ही तिला काढलं नाही. महिना संपतच आला होता, आणि पैसे काय, क्लेममधून येणारच होते. आता वाटतं, त्या एका वाक्याने खरं काम केलं ते हेच. खर्च आपल्या खिशातून नाही असं एकदा डोक्यात बसलं की माणूस घासाघीस करत नाही, बिल वाचत नाही, तक्रारही करत नाही.

टीपीएचं, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेचं, पत्र आलं. औषधं, ड्रेसिंग, सर्जननी लिहून दिलेली फिजिओथेरपी मंजूर. नर्सिंगचे ५४,००० नामंजूर, कारण एक्सक्लुजन, म्हणजे पॉलिसीत न बसणाऱ्या खर्चांचा, कोड ०५. तेव्हा कुठे मी पॉलिसी पहिल्यापासून वाचली. अंघोळ घालणं, कपडे बदलणं, उठवणं-बसवणं, अशी देखभाल नर्सने केली काय नि साध्या बाईने, घरी केली काय नि नर्सिंग होममध्ये, तिचे पैसे मिळत नाहीत. हे कोड इर्डाने, म्हणजे विमा क्षेत्राच्या नियामकाने, ठरवून दिलेले आहेत, त्यामुळे कंपनी बदलली तरी कलम बहुतेक तेच. साठ दिवस असतात ते त्याच आजाराच्या वैद्यकीय खर्चाचे. आयुष्मानचंही तसंच, त्यात डिस्चार्जनंतरचे पंधरा दिवस येतात, पण घरी ठेवलेल्या बाईचा पगार येत नाही. विमा कंपनीला शिव्या घालायची फार इच्छा होती, पण तिचं चुकलं नव्हतं. चुकलं असतं तर कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभर वाट, आणि मग विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

मी त्या तरुणाला फोन लावला. तो जराही गडबडला नाही. "डोमिसिलिअरीमध्ये टाकू. आमचे डॉक्टर लेटर देतात, पेशंटला हलवता येत नव्हतं म्हणून. पाच हजार लागतील." डोमिसिलिअरी म्हणजे हॉस्पिटलात ठेवण्याइतका आजार, पण पेशंट नेण्याच्या अवस्थेत नाही किंवा तिथे जागाच नाही, म्हणून तीन दिवसांहून जास्त घरी घेतलेले उपचार. आमच्या सासूबाई तर हॉस्पिटलमधूनच आल्या होत्या! खोटं सांगत नाही, नवरा क्षणभर गप्प झाला होता. पण असं पत्र पकडलं गेलं की क्लेमबरोबर पॉलिसीही जाऊ शकते, आणि ७८व्या वर्षी दुसरी कोण देणार?

ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ला, तक्रार नोंदवली. पैसे व्यक्तीच्या खात्यात गेलेले, बिलावर जीएसटी क्रमांक नाही, करार नाही. दीड महिन्याने डिपॉझिटचे १५,००० परत आले. ५४,००० गेले ते गेलेच.

आता शेजारच्या काकूंच्या ओळखीतल्या मावशी येतात, पैसे आम्हीच देतो. चट्टा गेला. सासूबाई वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जातात. ते रजिस्टर मात्र त्यांनी टाकू दिलं नाही. उरलेल्या कोऱ्या पानांवर, बीपीच्या रकान्यात, त्या दुधाचा हिशोब लिहितात.