मुंबईहून गोवा: दाबोळी की मोपा?

मावसबहिणीचा प्रश्न: दोन्हीकडे विमान जातं, मग तिकीट कुठलं काढू?

हवेतलं अंतर बघितलं तर मुंबई–दाबोळी साधारण ४२५ किलोमीटर, मुंबई–मोपा ३८५च्या आसपास. चाळीस किलोमीटरचा फरक म्हणजे विमानाला जेमतेम तीन-चार मिनिटं. वेळापत्रकात दोन्हीकडे सव्वा तास धरतात, त्यातला काही वेळ धावपट्टीवर रांगेतच जातो. तेव्हा हा निकष सोडूनच दे.

खरा हिशेब उतरल्यावर सुरू होतो. दाबोळी वास्कोला अगदी लागून, मडगाव पाऊण तासावर. मोपा पेडणे तालुक्यात, म्हणजे पार उत्तर टोकाला. तिथून पाळोळे गाठायचं तर अख्खा गोवा ओलांडावा लागतो, शंभरेक किलोमीटर! टॅक्सीचं बिल विमानाच्या तिकिटाशी स्पर्धा करतं. पणजीला मात्र दोन्हीकडून जवळपास सारखंच.

दाबोळी मुळात नौदलाचा तळ, त्यामुळे सकाळच्या वेळांवर बंधनं. २०२३च्या जानेवारीत सुरू झालेल्या मोप्याला ती अडचण नाही.

मडगाव, कोलवा, काणकोणला जाणार असशील तर दाबोळी. हरमल, मोरजी किंवा सावंतवाडीला आजोळी जायचं असेल तर डोळे मिटून मोपा. पणजीसाठी जे स्वस्त मिळेल ते.