कोकम आगळाच्या फिल्टरसाठी शिरोलीची वारी

कुडाळ एमआयडीसीत आमचा कोकमाचा छोटा कारखाना आहे. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि अमृत कोकम (सरबताचा गोड पाक), दोन्ही करतो. गेल्या सिझनच्या तोंडावर बॅग फिल्टरचं, म्हणजे कापडी पिशवीतून रस गाळणाऱ्या फिल्टरचं, नवं हाउसिंग (पिशवी बसते तो स्टीलचा डबा) कोल्हापूरच्या शिरोलीतल्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतलं. नाव टाकत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत.

आधी जुन्याची कथा. ते दुसऱ्याच कोणाकडून घेतलं होतं, '316 आहे', म्हणजे स्टेनलेसचा भारी ग्रेड आहे, या बोलीवर. माझ्यासमोर लोहचुंबक लावून दाखवला, चिकटला नाही, आम्ही खूश. चुंबक तर 304 या साध्या ग्रेडलाही चिकटत नाही, हे कळायला एक सिझन जावा लागला. आगळ म्हणजे आंबट रस आणि त्यात भरपूर मीठ. स्टेनलेसचा याहून मोठा वैरी आमच्या धंद्यात तरी नाही. मे संपता संपता फ्लँजखालच्या (झाकण बसतं त्या कडेखालच्या) वेल्डजवळ टाचणीने टोचल्यासारखे खड्डे दिसले आणि मग एका जागी पाझर सुरू झाला.

शिरोलीच्या मालकांनी तो तुकडा हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "मॅडम, ह्याच्यात मॉलिब्डेनमच नाही." पीएमआय गन (धातूत काय काय मिसळलंय ते दाखवणारं यंत्र) लावली, तो धातू खरंच नव्हता. 316 मध्ये ते 2 ते 3 टक्के असतं आणि मिठाच्या खड्ड्यांशी झुंजतं ते मुख्यतः तेच. त्यांनी एक हिशेब मांडला, आकडा जितका मोठा तितकं स्टील खड्ड्यांपुढे जास्त टिकतं: क्रोमियमचे टक्के, त्यात मॉलिब्डेनमच्या 3.3 पट आणि नायट्रोजनच्या 16 पट मिळवा. 304 चा आकडा एकोणीसच्या आसपास येतो, 316एल चा चोवीस, त्याहून भारी डुप्लेक्स 2205 चा पस्तीस. वर स्वतःच सांगितलं, की ही गन कार्बन मोजत नाही. त्यामुळे 'एल' (म्हणजे कमी कार्बन) खरा की नावापुरता, ते मिलच्या सर्टिफिकेटवरूनच कळतं आणि सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (स्टीलच्या त्या घाण्याचा नंबर) प्लेटवर कोरलेला दिसला पाहिजे. 'एल'मध्ये कार्बन 0.03 टक्क्यांच्या वर नसतो, म्हणून वेल्डच्या आजूबाजूचं, गंजापासून वाचवणारं क्रोमियम कार्बनशी जुळून कार्बाइडमध्ये अडकत नाही. आमचं जुनं गळालं ते नेमकं वेल्डशेजारी.

पुढचं बोलणं ऐकून मात्र मी त्यांच्याकडेच काम द्यायचं ठरवलं. म्हणाले, "रात्रभर आगळ आत ठेवणार असाल तर 316एल ची पण मी ग्यारंटी देत नाही. निव्वळ आगळाला पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचं हाउसिंग घ्या. ते माझ्याकडं होत नाही. कमी प्रेशर, गार माल, चांगलं चालतंय. गरम पाकाला मात्र ते नको." स्वतःची ऑर्डर अर्धी करणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिला. शेवटी अमृत कोकमच्या लाइनला 316एल केलं. तुरळक आगळ गेलं तर लगेच गोड्या पाण्याने धुऊन काढायचं, ही अट.

हाउसिंग दोन नंबर साइझच्या पिशवीचं, म्हणजे 7 इंच व्यास आणि 32 इंच लांबी. डिझाइन प्रेशर 6 बार. भावाचं म्हणणं, एवढ्याशा डब्याला कसले नियम? मालकांनी कागदावर आकडे मांडले. सिलिंडरला हिशेबाने पाऊण मिलिमीटर पत्राही पुरतो (त्यांनी 3 चा वापरला). सपाट झाकणाला मात्र आठ मिलिमीटरच्या आसपास लागतात, शिवाय बोल्टचा हिशेब वेगळा. 6 बारला त्या झाकणावर जवळपास दोन टन जोर येतो आणि अर्धा बार जरी आत राहिला तरी 160 किलो.

तो अर्धा बार काय करतो ते आम्ही पाहिलेलं आहे. जुन्या फिल्टरचा प्रेशर गेज शून्य दाखवत होता, कारण त्याच्या भोकात गर बसला होता. आमच्या कामगाराने, बाबल्याने, शेवटचा नट सैल केला आणि झाकण उडून आगळ थेट छपराच्या पत्र्यापर्यंत गेलं. कोणाला लागलं नाही. तेव्हापासून झाकण उघडताना तो प्रत्येकाला सांगतो, "ताई, जरा बाजूक रवा." नव्याला डायफ्राम सील असलेला गेज आहे, म्हणजे भोकापुढे पडदा, गर आत जात नाही. झाकणावर एअर व्हेंट (आतला दाब सोडणारी तोटी) असा बसवलाय, की त्याची मूठ पूर्ण फिरवून व्हेंट उघडल्याशिवाय बोल्ट बाजूला वळतच नाहीत.

दुसरी गोष्ट त्यांनी आमच्या पंपाकडे पाहून काढली. पाकाला लोब पंप आहे. पिशवी चोंदली तरी तो ढकलतच राहतो. रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब आपोआप सोडणारा) नसेल तर हाउसिंग द्यायलाच नकार. "कारखाने कायद्याचं कलम 31 वाचलंय का?" असं विचारलं. सुरक्षित प्रेशर ओलांडलं जाणार नाही याची तजवीज कारखानदाराने करायची, असं त्यात होतं म्हणे. मी घरी येऊन वाचलं, होतं. (नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली आहे.)

हायड्रोटेस्टला (पाणी भरून दाब देऊन बघतात त्या चाचणीला) मी मुद्दाम गेले, फोंडा घाटातून, भर उन्हात. डिझाइनच्या 1.3 पट, म्हणजे 7.8 बार, अर्धा तास. पाण्यानेच, हवेने नाही. फुटलंच तर पाणी गळतं, दाबलेली हवा मात्र स्फोट करते. बोअरचं पाणी त्यातल्या क्लोराइडमुळे (मिठातलंही खड्डे पाडतं ते हेच) टाळलं आणि टेस्टनंतर आतून कोरडं केलं. वेल्ड आतून पिकलिंग करून (अॅसिडने साफ करून) पांढरे काढलेले. स्टेनलेसचे ग्राइंडर आणि ब्रश वेगळ्या खोलीत, लोखंडाचा कण लागू नये म्हणून.

झाकणाखालचं गास्केट फूड ग्रेड ईपीडीएम रबराचं. आमच्याकडे बिया आधीच काढतात म्हणून ते चाललं. बियांचं तेल काढणाऱ्यांनी हे घेऊ नये, तेलात फुगतं.

आता तक्रारी. तीन आठवडे उशीर. सिझन कोणासाठी थांबत नाही, आमची कोकमाची पहिली साल वाया जाता जाता वाचली. फोन उचलत नाहीत, मुलगा उचलतो आणि "बाबा शॉपवर हाईत" एवढंच सांगतो. गेज भिंतीकडे तोंड करून आला, तो आम्ही फिरवून घेतला. किंमत जुन्याच्या जवळजवळ दुप्पट, तिच्याबद्दल कुरकुर नाही.

बिलावर मात्र आधी नुसतं 'एसएस हाउसिंग 1 नग' लिहिलं होतं. ग्रेड, हीट नंबर, डिझाइन आणि टेस्ट प्रेशर लिहून घेतलं, मगच उरलेला चेक दिला.