सोलापूरच्या हवेत दहीयंत्र: शेळीच्या दुधाच्या दह्यासाठी कितपत उपयोगी?

आमच्या घरी पचनाच्या जुन्या तक्रारीसाठी दीर्घकाळ विरजलेले, बिनसाखरेचे दही आहारात घेण्याचे ठरले, आणि गाई-म्हशीचे दूध सोसत नसल्यामुळे ते शेळीच्या दुधाचे करावे लागले. त्यासाठी नवी पेठेतून विजेवर चालणारे एक छोटे दहीयंत्र आणले. किंमत हजार रुपयांच्या आतबाहेर, आत लिटरभराचे स्टीलचे भांडे, तळाशी 15 वॅटची तापणारी पट्टी आणि वर प्लास्टिकचे झाकण, एवढाच त्याचा संसार. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच बांधणीची यंत्रे अनेक नावांनी विकली जातात आणि त्यांचे गुणदोषही सारखेच असतात.

साध्या जेवणातल्या दह्यासाठी हे यंत्र घेणे मला अनावश्यक वाटते. रात्री कोमट दुधात विरजण घालून डबा झाकून ठेवला की सोलापुरात वर्षातले बहुतेक महिने सकाळी कवडी लागलेली असते. प्रश्न येतो तो 24 तास विरजण्याचा. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी मांडलेल्या आणि पुढे एलेन गॉटशॉल यांनी लोकांपर्यंत नेलेल्या कर्बोदक-नियंत्रित आहारात दही पूर्ण 24 तास उबेत ठेवण्याचा नियम आहे, कारण तेवढ्या अवधीत जिवाणू दुधातील बरीचशी दूधसाखर, म्हणजे लॅक्टोज, संपवतात. इतका वेळ ऊब 38 ते 43 अंशांच्या दरम्यान टिकवणे नुसत्या डब्याला जमत नाही, आणि यंत्राची खरी गरज तेवढ्यापुरतीच आहे.

ही गरज ते थंडीच्या दिवसांत उत्तम भागवते. मात्र त्यात तापमान आवरणारा थर्मोस्टॅट नाही; पट्टी अखंड तापत राहते आणि आतले दूध खोलीच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम राहते. आमच्या मोजणीत हा फरक साधारण 15 अंशांचा भरला. डिसेंबरात खोलीत 25 अंश असताना दूध 40 च्या आसपास राहते आणि दही सुरेख लागते. पण एप्रिल-मे महिन्यांत, बाहेर पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्रीही 36 अंश असतात, तेव्हा हेच यंत्र दूध 50 अंशांपर्यंत नेते. दह्याचे उपयुक्त जिवाणू तिथे दुबळे पडून मरू लागतात, वर निवळी साचते आणि खाली चरचरीत, फुटल्यासारखा गोळा उरतो. माहितीपत्रकात याविषयी एक अक्षर नाही. ते बहुधा थंड हवेच्या प्रदेशासाठीच लिहिलेले असावे. आम्ही उन्हाळ्यात यंत्राला टायमरचा प्लग लावून ते थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद असे ठेवतो, आणि भर मे महिन्यात तर दिवसभर वीज न लावता नुसते झाकून ठेवतो. ज्यांना ही कसरत नको असेल त्यांनी चार पैसे जास्त मोजून थर्मोस्टॅटचे यंत्र घ्यावे आणि घेताना दुकानदाराकडून ते चालवून पाहावे. विजेचा खर्च मात्र नगण्य आहे: 24 तासांना जेमतेम 0.36 युनिट.

यंत्रापेक्षाही अधिक डोकेदुखी दुधाची आहे. आपल्या भागातली उस्मानाबादी शेळी काळीभोर, काटक आणि जुळी देण्याबद्दल प्रसिद्ध. परंतु ती प्रामुख्याने मांसासाठी पाळली जाते, दूध बेताचेच देते आणि त्यातलेही बरेचसे करडांना लागते. त्यामुळे शहरात शेळीचे दूध रोज एकाच मापाने मिळेल याची खात्री कुणी देत नाही. आम्ही शहराबाहेरच्या एका शेळीपालकाकडून रतीब लावला आहे. त्याला दोन गोष्टी आवर्जून सांगितल्या: धार काढताना बोकड जवळ नसावा आणि दूध लगेच गार करावे. शेळीच्या दुधाला येणारा उग्र दर्प त्यातील विशिष्ट मेदाम्लांमुळे आणि बोकडाच्या सहवासामुळे वाढतो, आणि एकदा आलेला तो दर्प दह्यातही जात नाही. कच्चे दूध तसेच विरजण्याचा मोह टाळलाच पाहिजे, कारण त्यातून ब्रुसेला या जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो. आम्ही ते 85 अंशांपर्यंत तापवून काही मिनिटे त्याच उष्णतेवर ठेवतो. खळखळून उकळत नाही, कारण त्याने चव बिघडते.

दही कसे लागते, याबाबत अपेक्षा आधीच बदलावी लागते. गाईच्या दुधाच्या तुलनेत शेळीच्या दुधात अल्फा-एस-1 केसीन हे प्रथिन सहसा कमी असते, त्यामुळे कवडी सैल, चमच्याला चिकटून न राहणारी अशी येते. बाजारातील काहीजण घट्टपणासाठी दूध भुकटी घालायला सांगतात. पण तिच्यात दूधसाखर भरपूर असल्यामुळे या आहाराचा उद्देशच त्याने फसतो. मलमलच्या फडक्यात तीन-चार तास टांगून ठेवले तर छान चक्का होतो आणि निवळीबरोबर आणखी थोडी दूधसाखरही निघून जाते. विरजणासाठी घरचे दही चालत नाही असे नाही, पण त्यात कमी तापमानात वाढणारे जिवाणू मिसळलेले असतात. म्हणून यंत्रात तयार कल्चर वापरणे बरे, आणि त्याच्या पुडीवर बिफिडो जिवाणू लिहिलेले नसावेत, असा या आहाराचा आग्रह आहे. चवीला हे दही आंबट, किंचित खारट लागते. सासूबाईंनी त्यात भाजलेले जिरे घातल्यापासून घरात ते संपू लागले आहे.

शेळीच्या दुधात लॅक्टोज नसतेच, असे अनेकजण ठामपणे सांगतात. ते खरे नाही. गाईच्या दुधापेक्षा ते किंचितच कमी असते. ज्यांना गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी आहे, त्यांना शेळीचे दूधही बहुधा बाधते, आणि एक वर्षाखालील बाळांना ते पाजू नये. आहाराबद्दलही अवाजवी आशा नको: 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत क्रोन्स या आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाच्या आजाराच्या रुग्णांमध्ये हा आहार भूमध्यसागरी आहारापेक्षा वरचढ ठरला नाही. शिवाय त्यात सर्व धान्ये वर्ज्य असल्यामुळे ज्वारीची कडक भाकरीही जाते, आणि सोलापुरात हे पथ्य दह्यापेक्षा कितीतरी कठीण आहे. आम्ही ते आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच पाळतो.

यंत्राबद्दल एक किरकोळ तक्रार राहते: झाकणाची रबरी कडा पहिल्या उन्हाळ्यातच सैल झाली आणि सुटा भाग दुकानात मिळाला नाही. स्टीलच्या ताटलीने काम भागते.