जीएसटीआयएनचा व्हॅलिडेटर: टेस्ट मॉडेलवर लिहायची की डमी क्लासवर?

रेल्समध्ये (रूबी भाषेतलं वेब फ्रेमवर्क) स्वतःचा व्हॅलिडेटर, म्हणजे फील्डमधली माहिती बरोबर आहे का हे तपासणारा कोड, लिहिला की त्याची टेस्ट कुठे ठेवायची यावरून टीममध्ये दोन तट पडतात: डेटाबेसमधल्या टेबलाशी जोडलेल्या मॉडेलवर, की फक्त टेस्टपुरत्या बनवलेल्या डमी क्लासवर. जीएसटीआयएनचंच, म्हणजे जीएसटीच्या नोंदणी क्रमांकाचंच घ्या. एकूण 15 अक्षरं: पहिली 2 राज्याचा कोड (महाराष्ट्राचा 27, गोव्याचा 30), पुढची 10 म्हणजे पॅन, आणि शेवटचं अक्षर आधीच्या 14 वरून गणित करून काढलेलं.

मॉडेलवरची टेस्ट लिहायला सोपी. फॅक्टरीतून (टेस्टसाठी नमुना रेकॉर्ड बनवणारा कोड) ग्राहक बनवायचा, नंबर बिघडवायचा आणि तो इनव्हॅलिड ठरतो का बघायचं. पण इथेच गफलत होते. फॅक्टरीत ग्राहकाचं नाव रिकामं राहिलं असेल, तर नंबर अचूक असो वा चुकीचा, टेस्ट हिरवीच, म्हणजे पास! म्हणून नुसतं ‘व्हॅलिड?’ विचारून थांबू नका, ‘एरर्स.ऑफ_काइंड?’ला फील्ड आणि एररचा प्रकार, दोन्ही द्या. रेल्स 6.0 पासून ही सोय आहे.

डमी क्लासमध्ये ‘ॲक्टिव्हमॉडेल::व्हॅलिडेशन्स’ आणि एक ॲट्रिब्यूट, बस्स. डेटाबेस नाही, फॅक्टरी नाही. त्यामुळे केसेस हव्या तितक्या घाला: शेवटचं अक्षर बदललेलं, दोन शेजारचे आकडे उलटे झालेले, लहान लिपीतली अक्षरं, कॉपी-पेस्टमधून मागे चिकटलेली स्पेस, निल (व्हॅल्यूच नसणं). ‘क्लास.न्यू’ने बिननावाचा क्लास केलात तर मात्र एररचा मेसेज मागताच ‘आर्ग्युमेंटएरर’ येतो. क्लासला नाव द्या. शिवाय मॉडेलमध्ये व्हॅलिडेटर लावायचाच राहून गेला, तर डमीला त्याचा पत्ताही लागत नाही.

नियम एकाच फील्डपुरता असेल आणि आत गणित असेल, तर मी डोळे झाकून डमी घेईन आणि तो मॉडेलला जोडलाय ना, हे बघायला मॉडेलवर एक टेस्ट ठेवीन. नियम दोन फील्डमधला असेल, म्हणजे जीएसटीआयएनमधला पॅन ग्राहकाच्या पॅनशी जुळायलाच हवा असा, तर डमीच्या भानगडीत पडू नका. तो मॉडेलचाच नियम, तिथेच तपासा. शुडा-मॅचर्स या टेस्टच्या लायब्ररीतलं ‘अलाउ_व्हॅल्यू’ दोन्हीकडे चालतं, आवडत असेल तर वापरा.

व्हॅलिडेटरमधल्या ‘एरर्स.ॲड’मध्ये सिंबॉलऐवजी (एररच्या प्रकाराचं ठरलेलं नाव) थेट वाक्य लिहिलं असेल, तर आधी ते बदला. नाहीतर कुणी मेसेजमधला एक शब्द सुधारला, तरी दोन्हीकडच्या टेस्ट लाल होतील.